घटपर्णीसाठी घरातली वाढपेटी: आधी पेटी चालवा, मग रोप आणा

घरात आणलेली घटपर्णी, म्हणजे पानाच्या टोकाशी येणाऱ्या घटात कीटक पकडणारं रोप, मरते तेव्हा दोष बहुतेक वेळा आर्द्रतेवर ढकलला जातो. खरं कारण निराळं असतं. बंद काचेत दिवे तापतात, हवा साचते, मुळं पाण्यात उभी राहून कुजतात आणि रात्र दिवसाइतकीच गरम राहते. हे सगळं होतं, कारण कामाचा क्रम उलटा असतो. रोप कुरियरने घरी येतं, पेटी त्यानंतर दोन दिवसांत घाईघाईने उभी राहते आणि तापमान मोजायची आठवण पानं काळी पडल्यावर होते.

इथे दिलेली मापं ९० सेंमी लांब, ४५ सेंमी खोल आणि ७५ सेंमी उंच अशा पेटीची आहेत. आतली जागा साधारण ३०० लिटर होते. पेटी सखल, उष्ण प्रदेशातल्या घटपर्णींसाठी आहे आणि ती महाराष्ट्रातल्या घरात ठेवायची आहे असं धरलं आहे. थंड देशांतल्या मार्गदर्शनात पेटी गरम कशी ठेवायची हे सांगितलेलं असतं. आपल्याकडे प्रश्न नेमका उलटा आहे.

## १. खोली मोजा

पेटी जिथे ठेवायची तिथेच किमान-कमाल नोंद ठेवणारा डिजिटल थर्मामीटर सात दिवस ठेवा. दुपारी तीन-चारचं कमाल आणि पहाटेचं किमान तापमान रोज लिहून काढा. जमलं तर हे मोजमाप एप्रिल-मे महिन्यांत करा. जानेवारीत मोजून बांधलेली पेटी मे महिन्यात फसते.

थेट ऊन येणारी खिडकी, फ्रीजची मागची बाजू आणि ओट्याजवळची भिंत टाळा. रात्री एसी चालतो ती झोपायची खोली सगळ्यात चांगली. कारण अंधार आणि गारवा एकाच वेळी मिळतो, आणि रोपाला तेच हवं असतं.

आर्द्रता दाखवणारं स्वस्त यंत्र दहा-दहा टक्क्यांनी चुकतं. ते आधी तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन पाण्याच्या चार-पाच थेंबांनी ओलसर करा, विरघळू देऊ नका. हे झाकण आणि यंत्र हवाबंद डब्यात १२ तास ठेवा. आकडा ७५ टक्के यायला हवा. जो फरक येईल तो यंत्रावर चिकटपट्टीने लिहून ठेवा.

## २. रोप ठरवा, पण मागवू नका

सखल प्रदेशातल्या जातींना दिवसा २८ ते ३३ अंश आणि रात्री २१ ते २५ अंश मानवतात. नेपेंथिस (हे घटपर्णीचं शास्त्रीय नाव) ॲम्प्युलारिया, रॅफ्लेसियाना आणि बायकॅल्कराटा या त्यातल्या. या आकाराच्या पेटीत पहिलं रोप ॲम्प्युलारियाचं असावं. तिचे घट जमिनीलगत येतात आणि वेल वाढला तर छाटता येतो. बायकॅल्कराटा लहान असते तोवर छान दिसते, पण मोठी झाली की तिची पानंच पेटी भरून टाकतात.

किनाबालूची नेपेंथिस राजा, सुलावेसीची हमाटा आणि व्हेनेझुएलाच्या टेपुईंवरची, म्हणजे सपाट माथ्याच्या डोंगरांवरची, हेलिअँफोरा ही डोंगरावरची मंडळी आहेत. राजा आणि हमाटाला रात्र १० ते १५ अंशांची लागते. त्यासाठी शीतयंत्र जोडलेली, थर्माकोल किंवा पीयूएफ (पॉलियुरेथेन फोम) लावलेली वेगळीच पेटी बांधावी लागते. बर्फाच्या बाटल्या किंवा छोटा पेल्टिअर कूलर लावून ३०० लिटरची पेटी रात्रभर त्या तापमानावर राहत नाही. पहिल्या पेटीत ही रोपं ठेवूच नका.

व्हेंट्राटा हा संकर मात्र सोशिक आहे. नर्सरीत ‘पिचर प्लांट’ म्हणून मिळणारं रोप बहुतेकदा हेच असतं. ते सावलीच्या गॅलरीत टांगूनही वाढतं, त्याच्यासाठी पेटीचा खटाटोप नको.

इशारा: मेघालयातली नेपेंथिस खासियाना ही भारतात निसर्गतः वाढणारी एकमेव घटपर्णी आहे. ती वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित असून तिच्या लागवडीलाही परवाना लागतो. कोणी ती ‘स्वस्तात’ देत असेल तर घेऊ नका. कास पठारावरची दवबिंदू आणि सीतेची आसवं ही कीटकभक्षी रोपंही उपटून आणू नका. ती एका पावसाळ्याचं आयुष्य घेऊन येतात, पेटीत टिकत नाहीत आणि पठारावर मात्र कमी होतात.

## ३. पेटीचं अंग

तळ आणि मागची बाजू १८ मिमी डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लॅस्टिक यांच्या) बोर्डाची, दोन्ही बाजू आणि छत ५ मिमी काचेचं, पुढे ॲल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये सरकणाऱ्या दोन काचा. फिश टँकसारखा पाण्याचा दाब इथे नसतो, म्हणून ५ मिमी पुरते. प्लायवूड आणि एमडीएफ नको. ‘वॉटरप्रूफ’ असा शिक्का असला तरी कापलेल्या कडेतून ओल शिरते, आणि सहा महिन्यांत तळ फुगून दार अडकतं.

काचा बसवण्याआधी मागच्या बोर्डला होल सॉने भोकं पाडून घ्या: वर उजवीकडे ८० मिमीचं, खाली डावीकडे तेवढंच, आणि वायर व पाइपसाठी मध्यावर २० मिमीची दोन. पेटी उभी झाल्यावर भोक पाडायला गेलात की काच हादरून तडकते.

सांधे ॲक्वेरियमच्या सिलिकॉनने भरा. बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये बुरशीनाशक मिसळलेलं असतं, ते वापरू नका. भरल्यावर पेटी उघडी ठेवा आणि व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, पुढचं काम थांबवा. दारांच्या दोन काचांमध्ये ३-४ मिमी फट राहते, ती बुजवू नका.

## ४. निचरा

तळावर ५ सेंमी काठाचा ट्रे बसवा. त्याची एक बाजू १ सेंमी उचललेली असू द्या. सगळ्यात खालच्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा टँक नीपल आणि बाहेर बॉल व्हॉल्व्ह लावा. ट्रेच्या वर, १० सेंमी उंचीवर, फॉल्स सीलिंगच्या दिव्यांना लावतात ती पांढरी प्लॅस्टिक जाळी पाइपच्या तुकड्यांवर टेकवा. कुंड्या या जाळीवर राहतील. पाणी खाली पडेल आणि मुळं त्यात बुडणार नाहीत.

पुढे फवाऱ्यासाठी लागणारा पाण्याचा कॅन १० लिटरचाच का घ्यायचा, याचं उत्तर या ट्रेमध्ये आहे. या तळावर ४ लिटर पाणी म्हणजे १ सेंमी उंची. टायमर अडकून अख्खा कॅन आत रिकामा झाला तरी पाणी अडीच-तीन सेंमी चढेल आणि ५ सेंमीच्या काठाआत थांबेल. २० लिटरचा जार लावलात तर तेच पाणी शेजाऱ्याच्या छतातून ठिबकेल.

तपासणी: ट्रेमध्ये ५ लिटर पाणी ओतून रात्रभर ठेवा. खाली वर्तमानपत्र पसरून ठेवा, सकाळी ते कोरडं असलं तरच पुढे जा.

## ५. वीज

ओल्या हवेत वीज न्यायची आहे, इथे काटकसर करू नका. पेटीची लाइन ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीमागे (वीज गळली की लाइन तोडणाऱ्या स्विचमागे) हवी आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतलेलं हवं. सगळे प्लग, अडॅप्टर आणि एलईडीचे ड्रायव्हर पेटीबाहेर, तळापेक्षा उंच भिंतीवर लावा. आत फक्त १२ किंवा २४ व्होल्टच्या तारा जातील. प्रत्येक तार सॉकेटमध्ये शिरण्याआधी खाली झोळीसारखी लोंबती ठेवा, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी त्या झोळीच्या टोकाशी टपकेल, सॉकेटमध्ये जाणार नाही.

तपासणी: आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. लाइन लगेच तुटली पाहिजे. ही चाचणी दर महिन्याला करा.

## ६. दिवे

दिवे पेटीच्या आत नकोत. छताच्या काचेवर, ३ सेंमी अंतर सोडून ठेवा. काचेमुळे दहाएक टक्के प्रकाश कमी होतो, पण बरीचशी उष्णता बाहेर राहते. दिव्याने घेतलेली वीज शेवटी उष्णताच होते. ६५ वॅटचे दिवे आत ठेवले तर या आकाराची बंद पेटी खोलीपेक्षा चार-पाच अंशांनी गरम होते. खोली ३२ अंशांवर असेल तर आत ३७ होतील.

६००० ते ६५०० केल्विनच्या पांढऱ्या एलईडी पट्ट्या, एकूण ६० ते ७० वॅट, समान अंतरावर लावा. जांभळ्या ‘ग्रो लाइट’ची गरज नाही. त्या प्रकाशात पानाचा खरा रंग दिसत नाही आणि रोग उशिरा लक्षात येतो.

पानाच्या पातळीवर १०,००० ते १२,००० लक्स मिळायला हवेत. पांढऱ्या एलईडीसाठी लक्सला ७० ने भागलं की रोपाला उपयोगी प्रकाशाचा ढोबळ आकडा (पीपीएफडी) मिळतो, म्हणजे इथे दीडशेच्या आसपास. टायमरवर १२ तास ठेवा. मोबाइलचं लक्स ॲप कोपरा आणि मध्य यांतला फरक दाखवायला पुरतं, त्यातला आकडा मात्र अंदाजापुरताच धरा.

मोठी, गडद हिरवी, लोळणारी पानं आणि घट नाहीत, असं दिसलं तर प्रकाश कमी आहे. नवं पान आखूड, लालसर आणि पिवळट येत असेल तर जास्त आहे. छताच्या काचेला आतून दव आणि शेवाळ धरतं. दर आठवड्याला पुसलं नाही तर दोन महिन्यांत प्रकाश नकळत घटतो, आणि दोष खताच्या अभावाला दिला जातो.

## ७. हवा

इथेच बहुतेक पेट्या फसतात. आर्द्रता जाईल या भीतीने पंखा लावतच नाहीत, किंवा लावून बंद ठेवतात. साचलेल्या ओल्या हवेत पानावरचा थेंब तासन्‌तास सुकत नाही आणि तिथे बुरशी धरते.

पंखे दोन, दोन्ही संगणकाचे १२ व्होल्टचे, शक्यतो ओल सोसणारे.

आतला पंखा २४ तास चालतो. तो वरच्या कोपऱ्यात लावा, तोंड समोरच्या काचेकडे. वेग कमी करायला १२ ऐवजी ९ व्होल्टचं अडॅप्टर वापरा. पान जेमतेम हलावं, फडफडू नये.

बाहेर टाकणारा ८० मिमीचा पंखा वरच्या उजव्या भोकात बसवा. खालचं डावं भोक मच्छरजाळी लावून उघडं ठेवा. हवा खालून तिरपी वर जाते. एवढा पंखा अर्ध्या-एक मिनिटात पेटीतली सगळी हवा बदलतो, त्यामुळे तासाला दोन मिनिटं पुरतात. शिवाय तो तापमान नियंत्रकालाही जोडा: ३२ अंशांना सुरू, ३० ला बंद.

नियंत्रकाचा सेन्सर पानांच्या उंचीवर, दिव्याची थेट किरणं आणि फवारा दोन्ही चुकवून टांगा. नोझलसमोर टांगलेला सेन्सर सदैव ९९ टक्के आर्द्रता दाखवतो.

## ८. पाणी आणि फवारा

पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, ५० पीपीएमच्या आत हवा. बोअरवेल आणि टँकरचं पाणी बाद. ‘आमच्याकडे आरओ आहे’ एवढ्यावर विसंबू नका. पिण्याच्या पाण्याला चव यावी म्हणून घरच्या आरओत टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, आणि त्यातून बाहेर येणारं पाणी अनेकदा शंभरच्या वर असतं. टीडीएस पेन घेऊन मोजा. गरज असेल तर मेंब्रेननंतर, मिनरलच्या आधी, नळीला टी-आकाराचा जोड लावून पाणी घ्या. पावसाचं पाणी उत्तम, फक्त पहिले एक-दोन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्या.

फवाऱ्यासाठी आरओ मशीनचा २४ व्होल्टचा बूस्टर पंप वापरा. तो, त्याचं अडॅप्टर, पाव इंची नळी आणि पुश-फिट जोड आरओ दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतात, आणि बिघडला तर त्याच दिवशी बदलता येतो. पंपाच्या आधी बारीक गाळणी लावा, छतालगत ०.३ मिमीची तीन नोझल बसवा. सेकंदांत लावता येणारा टायमर हवा. साध्या टायमरची सर्वांत लहान पायरी १५ मिनिटांची असते, तेवढा फवारा फारच जास्त होतो. दिवे चालू असताना चार-पाच वेळा, प्रत्येकी १५ सेकंद, इथून सुरुवात करा. शेवटचा फवारा दिवे बंद होण्याच्या दोन तास आधी. रात्री तापमान उतरलं की आर्द्रता आपोआप चढते.

इशारा: कॅन नोझलपेक्षा खालीच ठेवा. वर ठेवलात तर पंप बंद झाल्यावरही सायफनने पाणी आत ठिबकत राहतं. कॅन अपारदर्शक असावा, नाहीतर शेवाळाने नोझल बुजतात.

उन्हाळ्यात फवाऱ्याने पेटी गार होईल का, हे गावावर अवलंबून आहे. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंशांवर आणि आर्द्रता २० टक्के असेल, तर बाष्पीभवनाने हवा तत्त्वतः २१ अंशांपर्यंत उतरू शकते. पेटीत त्याच्या निम्मी घट मिळाली तरी काम होतं. मुंबई किंवा रत्नागिरीत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ती मर्यादाच २८ अंशांवर आहे, हाती फारतर दोन-तीन अंश लागतात. म्हणून देशावर आणि विदर्भात हवा आत येते त्या भोकाजवळ एक नोझल लावा आणि दुपारी पंख्यासोबत चालवा. कोकण किनाऱ्यावर हा खर्च वाया जातो, तिथे एसीची खोलीच उपयोगी पडते.

## ९. रिकामी पेटी दहा दिवस

ही पायरी गाळू नका. ओलं स्फॅग्नम (दलदलीत वाढणारं, पाणी धरून ठेवणारं मॉस) भरलेल्या चार-पाच कुंड्या आत ठेवा, रोपं नाहीत. दिवे, पंखे, फवारा ठरल्या वेळी चालू द्या आणि नोंद ठेवा. पुढची चारही उत्तरं सलग तीन दिवस बरोबर आली की पेटी तयार आहे:

- दिवसा कमाल ३३ च्या आत
- रात्री २१ ते २५, आणि दिवस-रात्रीत किमान ५ अंशांचा फरक
- दिवसा आर्द्रता ६५ ते ८० टक्के
- फवाऱ्यानंतर एक तासात मधल्या कुंडीजवळची काच कोरडी

मग एका दुपारी मुख्य स्विच दोन तास बंद करून तापमान पाहा. लोडशेडिंगच्या दिवशी काय होईल ते आजच कळेल. पेटी ३५ च्या वर जात असेल तर आतला पंखा इन्व्हर्टरवर घ्या आणि वीज गेली की दार वितभर सरकवायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.

फरक कमी पडत असेल तर घाईने आणखी पंखे बसवू नका. आधी दिव्यांची वेळ हलवा. पहाटे पाच ते दुपारी तीन असे दहा तास केले तर दुपारच्या उष्म्यात दिव्याची भर पडत नाही. एप्रिल-मेपुरतं एवढं बहुतेक घरांत पुरतं.

## १०. माध्यम आणि कुंडी

लांब धाग्याचं स्फॅग्नम मॉस दोन भाग, परलाइट एक भाग, ऑर्किडची बार्क एक भाग. परलाइट कोरडं हाताळताना तोंडाला मास्क लावा आणि धुऊन त्याची भुकटी काढून टाका. मॉस आरओच्या पाण्यात अर्धा तास भिजवून मुठीत पिळा, मग सैल हाताने मिसळा. कुंडीत दाबून बसवलं की हवा निघून जाते आणि मॉस सहा महिन्यांत चिखल होतो.

कोकोपीट वापरायचंच असेल तर निथळलेल्या पाण्याचा टीडीएस ५० च्या खाली येईपर्यंत धुवा. त्यात मीठ राहतं, आणि पाच-सहा धुण्यांत ते निघेलच असं नाही. गांडूळखत, शेणखत, बागेची माती यांतलं चिमूटभरही नको.

कुंडी प्लॅस्टिकची, चार-पाच इंची, तळाला भरपूर भोकं असलेली. मातीच्या कुंडीतून क्षार पाझरतात.

## ११. रोप आत

नवं रोप थेट पेटीत जात नाही. तीन आठवडे वेगळ्या पारदर्शक डब्यात, झाकण थोडं उघडं ठेवून, सावलीच्या उजेडात ठेवा. पानांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण, खोडावर खवले कीड आणि कोवळ्या पानावर फुलकिडे आहेत का ते भिंगातून पाहा. बंद, उबदार पेटीत एक पिठ्या ढेकूण महिन्याभरात सगळ्या रोपांवर पोचतो.

कुंडी बदलताना मुळं काळी आणि बारीक दिसली तर घाबरून कापू नका. घटपर्णीची निरोगी मुळंही काळीच असतात आणि सहज तुटतात. कुजलेलं मूळ बोटांत मऊ लागतं आणि त्याला वास येतो. जुना गोळा शक्यतो तसाच नव्या मिश्रणात बसवा.

पहिले दोन आठवडे प्रकाश निम्मा, म्हणजे सहाएक हजार लक्स. मग हळूहळू वाढवा. मॉसचा वरचा थर फिकट व्हायला लागला की वरून पाणी घाला, ते पूर्ण निथळू द्या. बशीत पाणी ठेवण्याची पद्धत दवबिंदूंची आहे, घटपर्णीची नाही.

आलेल्या रोपाचे घट दोन-तीन आठवड्यांत सुकतात. प्रवासात हे व्हायचंच. रोपाची तब्येत नव्या पानावरून ओळखा. पान उलगडतं, त्याच्या टोकाचा तंतू लांबतो, आणि घट भरायला त्यानंतर काही आठवडे लागतात. या काळात जागा, प्रकाश, पाणी रोज बदलत राहिलात तर तंतूचं टोक वाळतं आणि पुढच्या पानापर्यंत पुन्हा थांबावं लागतं.

खत मुळांना नाही. घट उघडून दोन आठवडे झाले की त्यात वाळवलेले ब्लडवर्म चिमूटभर, ओले करून, महिन्यातून एकदा घाला. पनीर, चिकन किंवा भाताची शितं घातली तर घट आतून सडतो.

## पावसाळा आणि हिवाळा

जूनमध्ये बाहेरची आर्द्रता ८५ च्या वर गेली की फवारा दिवसातून एकदाच ठेवा किंवा बंद करा, आणि बाहेर टाकणारा पंखा तासाला दोनऐवजी पाच मिनिटं चालवा. मॉसवर पांढरी बुरशी याच दिवसांत येते. ती दिसली तर औषध शोधण्याआधी हवा वाढवा.

डिसेंबर-जानेवारीत पुणे, नाशिक, नागपूरकडे बंद खोलीतही पहाटे १६-१७ अंश होतात. ॲम्प्युलारियाची वाढ तेव्हा थांबते आणि ओल्या मॉसमध्ये मुळं धरत नाहीत. कुंड्यांच्या जाळीखाली, ट्रेच्या पाण्यापासून वर, थर्मोस्टॅट लावलेली, १२ किंवा २४ व्होल्टची हीट मॅट बांधा आणि २२ अंशांवर ठेवा. पाणी निम्मं करा. मॅट थेट कुंडीला टेकवू नका, तळाचं मॉस सुकतं आणि वरून ओलं दिसत राहतं. बोट दोन पेरं आत घालून पाहिल्याशिवाय हे कळत नाही.